आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचंय – जागा कशी बघायची, पैसे कसे बसवायचे?

गिरगावची_लेक
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली. आई ७९ वर्षांची, बाबा गेल्यापासून गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आता हॉस्पिटलवाले म्हणतात चार-पाच दिवसांत घरी न्या. घरी म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. चाळीला लिफ्ट नाही, जिना लाकडी, खोलीत वॉकर फिरवायला जागा नाही. त्यात वर्षभर विसरणं वाढलंय, डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात म्हणून गोळ्या चालू केल्यात. माणसं ओळखते, पेपर वाचते, पण दुपारी जेवली की नाही ते संध्याकाळी आठवत नाही.

मी पार्ल्याला, वन बीएचके, मुलगा बारावीला, सासूबाई आमच्याकडेच. भाऊ बंगलोरला. ब्युरोवाले २४ तासांच्या बाईचे तीस हजार सांगतात, वर तिचं जेवणखाण, आणि तिला झोपायला कुठे देऊ, गॅलरीत? म्हणून केअर सेंटरांना फोन लावतेय, ३५ हजारांपासून ७० पर्यंत काहीही आकडे ऐकले. आईची ५ लाखांची मेडिक्लेम आहे, सत्तरीच्या वरचं आयुष्मान कार्डही काढलंय. त्यातून काही सुटतं का? आणि जागा बघायला गेलं की नक्की बघायचं काय? सगळीकडे गणपतीचा फोटो, टीव्ही आणि हसतमुख मॅडम असतात.

चिंगी_दादर
वाचतेय. आमच्याकडेही हे दार ठोठावतंयच.

क्लेमवाला
इन्शुरन्सचं आधी सांगून टाकतो म्हणजे त्या आशेवर बजेट बसवू नका. मी याच लाइनीत आहे. केअर सेंटरचं महिन्याचं बिल मेडिक्लेममध्ये बसत नाही. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत एकसारखं छापलेलं एक्स्क्लुजन, म्हणजे काय कव्हर होत नाही त्याचं कलम असतं, कोड शून्य पाच, त्यात स्वच्छ लिहिलंय की आंघोळ, कपडे, चालणं-फिरणं यासाठी घरी किंवा नर्सिंग फॅसिलिटीत ठेवलेल्या माणसाची काळजी कव्हर होत नाही, मग ती ट्रेन्ड नर्सने घेतलेली असो की आयाने. एजंट काहीही सांगू दे, ते कलम बघा. आयुष्मानचंही तेच, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता ५ लाखांचं कव्हर मिळतंय, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांना.

एक मात्र करा. ऑपरेशन मेडिक्लेमवर झालं असेल तर पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवस आहे ते बघा, बऱ्याच पॉलिसींत ६० दिवस असतो. त्यात औषधं, डॉक्टरची फॉलोअप फी, लिहून दिलेली फिजिओथेरपी येऊ शकते. पण त्यासाठी फिजिओचं बिल वेगळं हवं, त्याच्या सहीचं, आणि डिस्चार्ज पेपरवर डॉक्टरने फिजिओ लिहिलेली हवी. सेंटरने सगळं एका पॅकेजमध्ये कोंबून एकच पावती दिली की ते पैसे गेले. आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या, डिस्चार्जनंतर त्यांना गाठणं अवघड.

कुडाळकर_६१
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या आजीने अंथरुणात चार वर्षं काढली, घरातल्या बायकांनी केलं सगळं. आता दोन मुलं असून आई आश्रमात. पैसे आहेत म्हणून सुचतंय हे.

ठाकुर्ली_स्लो
"घरातल्या बायकांनी केलं" हे तुम्हीच लिहिलंत काका, पुढे काही बोलायची गरज नाही. तुम्ही किती बेडपॅन बदललेत?

गिरगावची_लेक
कुडाळकर काका, राग नाही. आईला विचारूनच चाललंय. ती म्हणाली, "मला उचलताना तुझी कंबर गेली तर तुला कोण बघणार." कोकणातल्या घराला चार खोल्या आणि सहा माणसं असतात, माझ्याकडे खोली दीड आहे.

रात्रपाळी
मी नर्स. हॉस्पिटलात बरीच वर्षं, मग दोन केअर सेंटर्समध्ये, जास्त करून नाइटला. लांबेल, पण लिहिते.

ताई, पहिलं म्हणजे आईला कशासाठी ठेवताय ते ठरवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे चालतं करायला ठेवणं वेगळं आणि कायमचं ठेवणं वेगळं. पहिल्यासाठी रोज येणारा फिजिओ असलेली जागा हवी, आठवड्यातून दोनदा येणारा नाही. या वयात माणूस पलंगावर पडून राहिला की पाय जातात, मग छाती भरते, मग बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा. बऱ्याच सेंटर्सना पेशंट पलंगावर असलेला सोयीचा पडतो कारण पडायची भीती नाही. त्यांना सरळ विचारा, माझ्या आईला दिवसातून किती वेळा उभं करणार आणि कोण करणार. उत्तर देताना मॅडम फिजिओचं नाव सांगते की "आमचा स्टाफ आहे ना" म्हणते, तिथेच कळतं.

बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा लादी पुसलेली असते आणि सगळे पेशंट पावडर लावून बसवलेले असतात. संध्याकाळी साडेसात-आठला जा, जेवणं उरकली आणि दिवसाची पाळी निघाली की. नाइटला किती माणसं किती पेशंटना, हा एकच आकडा मिळवा, आणि तो मॅनेजरकडून नाही, जिने चढउतार करणाऱ्या मावशीकडून. मी जिथे होते तिथे एका मजल्यावर अठरा पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक औषधं आणि इन्सुलिन बघणार. कोणाला लघवीला जायचं असेल तर थांबा म्हणायची वेळ यायची. डिमेन्शियावाले थांबत नाहीत, उठतात आणि पडतात.

मग पेशंटकडे बघा, भिंतींकडे नको. पायाच्या टाचा बघायला मागा, लाल किंवा काळसर असतील तर कूस बदलत नाहीयेत. नखं बघा. पाण्याचा ग्लास हाताला पोचतो का, की टेबलावर शोभेला आहे. बेल पलंगाच्या दांड्याला गुंडाळून ठेवलीय का, म्हणजे वाजवूच नये. फाइलमध्ये दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता असतो, तो मागा. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच झोकात केलेल्या दिसल्या तर त्या सकाळी चहा पिताना केल्यात, हे मी शपथेवर सांगते.

वास येणारच. लघवीचा थोडा वास चालेल, खूप फिनेल आणि रूम फ्रेशनर मारलेली जागा मला जास्त संशयास्पद वाटते.

डिमेन्शिया असेल तर अजून एक. दाराला बाहेरून कडी आहे का, पेशंटला खुर्चीला ओढणीने बांधतात का, झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून देतात. "रात्री शांत राहतात आमच्याकडे सगळे" असं कौतुकाने सांगितलं तर गोळ्यांची यादी मागा.

मुलुंडचा_मनोहर
रात्रपाळी, सेव्ह केला प्रतिसाद. यात माझी भर. महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी आहे का ते विचारा, आजारी किंवा अशक्त माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागेला १९४९ च्या कायद्याखाली ती लागते आणि सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं असतं. २०२१ च्या नियमांनी तर दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनदही लावायला सांगितलीय. बरीच केअर सेंटर्स "आम्ही वृद्धाश्रम, आम्हाला लागत नाही" म्हणतात आणि आत नळी, ऑक्सिजन, सलाइन सगळं चालू असतं. वृद्धाश्रम तर वृद्धाश्रम, मग नळ्या घालू नका. फायरचं एनओसी पण बघा, तिसऱ्या मजल्यावर एका जिन्याच्या बिल्डिंगमध्ये अंथरुणावरची माणसं ठेवलेली मी बघितलीत.

ठाकुर्ली_स्लो
पैशाचा अनुभव. सासऱ्यांना बदलापूरकडे ठेवलं होतं, नाव लिहीत नाही. पॅकेज २४ हजार. पहिलं बिल ३५ च्या वर. डायपर आपले, ठीक, पण ग्लोव्ह्ज आपले, कॅथेटर (लघवीची नळी) बदलायचे वेगळे, हॉस्पिटलात सोबत माणूस पाठवला तर त्याचे वेगळे, आणि "फीडिंग चार्ज" नावाची एक ओळ. म्हणजे काय विचारलं तर हाताने भरवायचे पैसे! मग पॅकेजमधलं जेवण नुसतं दाखवायला होतं का.

त्यामुळे अॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी एखाद्या अंथरुणावरच्या पेशंटचं गेल्या महिन्याचं खरं बिल नाव झाकून दाखवा म्हणायचं. दाखवतात काही जण. डिपॉझिट किती दिवसांत परत, मध्येच हॉस्पिटलात ॲडमिट झाले तर बेड राखायचे किती कापणार, महिन्याच्या पाच तारखेला माणूस गेला तर उरलेले पैसे मिळणार का, दरवर्षी किती टक्के वाढ. हे शेवटचे दोन विचारायला जीभ रेटत नाही पण विचारा. नंतर रडत असताना विचारणं जास्त वाईट.

लांबची जागा स्वस्त पडते, हवा चांगली, झाडंबिडं. पण रविवारी भेटायला जायचं तर मेगाब्लॉक, हळूहळू आठवड्याचं पंधरवड्यावर जातं. आणि ज्याच्याकडे घरचं माणूस येत नाही त्याच्याकडे स्टाफ कमी बघतो, हे कोणी कबूल करणार नाही पण आहे.

रात्रपाळी
आहे. आम्हाला माहीत असायचं कोणाची मुलगी कधी टपकेल सांगता येत नाही. त्या आजींचं डायपर वेळेवर बदललं जायचं.

गिरगावची_लेक
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. आज संध्याकाळी एक जागा बघून आले, आठलाच गेले. टाचा बघायला मागितल्या तर मॅडमचा चेहरा बदलला, "नातेवाईकांच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही" म्हणाली. तेही बरोबरच असेल. दुसरीकडे, गोरेगावला, आजीच स्वतः पाय दाखवायला लागल्या आणि घरच्यांच्या तक्रारी सांगत बसल्या, निघू देईनात.

गोरेगावचं कोटेशन ४२ हजार प्लस जीएसटी. हे जीएसटी काय आहे? आणि आईची परिस्थिती अशी: रेल्वेची फॅमिली पेन्शन २२ हजार, पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख (बाबांचे फंडाचे आणि तिने मोडलेले दागिने), ९ लाख मंथली इन्कम स्कीममध्ये. गिरगावची खोली पागडीची आहे (मालकी घरमालकाची, आम्ही जुने भाडेकरू), ती भाड्याने द्यावी का असं भाऊ म्हणतोय. किंवा रिव्हर्स मॉर्टगेज, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे.

बँकेतून_रिटायर
आईंनी पैसे छान ठेवलेत हो. हिशोब करू. सीनियर सिटिझनचे ३० लाख ८.२ टक्क्यांनी, तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५००. मंथली इन्कमचे ९ लाख ७.४ ने, ५,५५०. पेन्शन धरून ४८ हजार आणि वर पन्नास रुपये. गोरेगाव जेमतेम बसतं, औषधं-डायपर धरून पाच-आठ हजार कमी पडतील, ते तुम्ही आणि भाऊ.

पण हे आजचं झालं. व्याज तेवढंच राहणार आणि सेंटर वाढत जाणार. ४२ ला दरवर्षी आठ टक्के लावले तर पाच वर्षांनी ६१-६२ हजार होतात. म्हणून भावाला "अर्धे देतो" असं मोघम बोलू देऊ नका. आईचं उत्पन्न आधी वापरायचं, कमी पडेल तो फरक दोघांत, आणि तुम्ही जे धावपळ करताय, रिक्षा, रजा, औषधं आणणं, त्याला त्याने थोडं जास्त द्यावं. आमच्याकडे तीन भावंडांत एक वेगळं खातं काढलं, एक तारखेला तिघांचे पैसे पडायचे, सेंटरचं बिल त्यातूनच. कोणी कोणाला मागायला नको. वन्संनी पहिल्या महिन्यात नाक मुरडलं, नंतर त्याच सगळ्यांना सुचवायला लागल्या.

जीएसटी: धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल, राहणारा ६० च्या वरचा असेल आणि राहणं-खाणं-देखभाल धरून महिना २५ हजारांपर्यंत असेल तर माफ. वैद्यकीय सेवेलाही माफी आहे. खाजगी सेंटर राहण्या-खाण्याचं बिल लावतं तेव्हा १८ टक्के घालतात, ४२ वर साडेसात हजार. तेव्हा फोनवर एकच प्रश्न, सगळं धरून हातात किती.

टॅक्स: आईंच्या व्याजावर टीडीएस कापतील, एवढ्या उत्पन्नावर कर शून्यच येईल तर टीडीएस कापू नका असा फॉर्म (आधीचा १५एच) भरून द्या दरवर्षी एप्रिलमध्ये. तुम्ही किंवा भाऊ जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल आणि आई तुमच्यावर अवलंबून असतील तर डिमेन्शियाचं ४० टक्क्यांवरचं सर्टिफिकेट काढून ठेवलेलं कामाला येतं, वजावट मिळते. नव्या रिजीममध्ये यातलं काही नाही.

रिव्हर्स मॉर्टगेज विसरा. एक तर पागडीची जागा मालकीची नाही, बँक हात लावणार नाही. मालकीची असती तरी ती योजना स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे, सलग वर्षभर घराबाहेर राहिलं तर कर्ज वसूल करायची अट असते. केअर सेंटरचे पैसे भरायला ती उपयोगाची नाही, लोक उलटं समजतात.

कोर्टाची_पायरी
थांबा थांबा, पागडीच्या खोलीला हात लावू नका! वकिली करते, गिरगाव-लालबागच्या अशा केसेस रोजच्या आहेत. भाड्याने देणं म्हणजे पोटभाडेकरू ठेवणं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दिली तर खोली खाली करायचा दावा लागतो. आणि नुसती कुलूप लावून ठेवली तरी धोका आहे. भाडे नियंत्रण कायद्यात, १९९९ चा, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला दावा करता येतो. आजारपण हे कारण आहे, ते कोर्टात मांडता येतं, पण कागद हवेत. डिस्चार्ज समरी, सेंटरची पावती, डॉक्टरचं पत्र की या तात्पुरत्या तिथे आहेत. भाडं वेळेवर भरा, आईच्या नावाने, पावती घ्या. लाइटचं बिल शून्य येऊ देऊ नका, तुम्ही किंवा मुलगा जाऊन राहत जा अधूनमधून, परीक्षेच्या अभ्यासाला तरी. त्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं तर तीच खोली उद्या आईची सगळ्यात मोठी पुंजी आहे, मालकाला हे तुमच्याआधी माहीत असतं.

दुसरी गोष्ट जास्त घाईची. आई आज सही करू शकतात, समजून करू शकतात. भारतात पॉवर ऑफ अॅटर्नी माणसाचं मानसिक भान गेलं की कायद्याने संपते. म्हणजे ज्यासाठी काढली नेमकं तेव्हा चालत नाही. मग पालकत्वासाठी हायकोर्टात जावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही. नॉमिनी म्हणजे माणूस गेल्यावर, जिवंतपणी नॉमिनीला एक रुपया काढता येत नाही. तेव्हा पेन्शनचं खातं सोडून बाकीचं बचत खातं आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांच्या नावे, कोणा एकाच्या सहीने चालणारं) करून घ्या, पोस्टाचं व्याज त्या खात्यात वळवा, इच्छापत्र करा आणि त्या वेळी त्यांच्या डॉक्टरकडून आई शुद्धीत आहेत, समजतंय, असं लिहून घ्या. त्यांना नळ्या-व्हेंटिलेटर नको असेल तर तेही लिहून ठेवता येतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पद्धत सोपी केलीय, दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर होतं.

कुडाळकर_६१
आणि मुलाने उद्या पैसे द्यायचे बंद केले तर?

कोर्टाची_पायरी
काका, आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे (महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, मुलगा-मुलगी दोघांवर जबाबदारी, पण महिन्याला कमाल १० हजारच. त्यात मुंबईत काय होतं ते तुम्हीच बघा. जास्त ताकद त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे: सांभाळ करायच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण अट कागदात लिहिलेली बरी. प्रेमाने घर लिहून देणारे रोज येतात माझ्याकडे, अट लिहिलेली एखाद्याचीच असते.

चिंगी_दादर
अवांतर, पण कोणाला उपयोगी पडेल. माझ्या मामांना कॅन्सरची शेवटची अवस्था होती, वांद्र्याला शांती अवेदना सदनात ठेवलं, १९८६ पासूनचं आहे, पैसे घेत नाहीत. पण तिथे फक्त उपचार थांबलेले कॅन्सरचे पेशंट घेतात. ज्यांच्याकडे तसा पेशंट आहे त्यांनी महागड्या सेंटरकडे धावायच्या आधी तिथे विचारा.

गिरगावची_लेक
अपडेट. गोरेगावलाच घेतलं, आधी दोन महिन्यांसाठी, चालायला लागली की पुढचं बघू. "प्लस जीएसटी" वर घासाघीस करून सगळं धरून ४४ लिहून घेतलं, फिजिओचं बिल वेगळं, त्याच्या लेटरहेडवर. भाऊ विमानाने आला, बँकेत आणि पोस्टात आईला व्हीलचेअरवरून नेऊन सह्या झाल्या. पोस्टातल्या माणसाने काउंटरच्या बाहेर येऊन घेतल्या, त्याला देव बरं करो. मुलगा म्हणतो अभ्यासाला गिरगावात जातो, त्याला चाळीत मोबाइल बघायला कोणी अडवणार नाही हे मला कळतं, पण लाइटबिल तरी येईल.

आईची तक्रार एकच, आमटीत गूळ घालत नाहीत.

रात्रपाळी
गुळाची ढेप मावशीच्या हातात द्या, मॅडमच्या नको. शुगर नाहीये ना त्यांना?

गिरगावची_लेक
शुगर नाही. 😀 एक राहिलंच विचारायचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला. दरवर्षी ती स्वतः बँकेत जायची. आता?

बँकेतून_रिटायर
जायची गरज नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, जीवन प्रमाण आणि आधारचं फेस ॲप असं दोन्ही टाका, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), आधार आणि पेन्शनच्या खात्याचा नंबर जवळ ठेवा. सेंटरमध्ये खिडकीजवळ उजेडात बसवा, चष्मा काढून. नाही जमलं तर पोस्टमन घरी येऊन करतो, थोडे पैसे घेतो. ८० पूर्ण झाल्या की ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि केंद्राची पेन्शन असल्याने त्या वेळी मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, जन्मतारीख पीपीओवर बरोबर आहे ना ते आत्ताच बघून घ्या. जुन्या फॅमिली पेन्शनमध्ये बायकोची जन्मतारीख लिहिलेलीच नसते पुष्कळदा, मग ती लावून घेण्यात महिने जातात.